जोर किती, विसावा किती?

व्यायाम करावा कीं न करावा, हा प्रश्न आतां सुशिक्षित कुटुंबांत कोणी विचारीत नाहीं. तो करावा हें सर्वांस मान्य आहे. निदान तोंडानें तरी मान्य आहे. खरी अडचण त्यापुढें आहे. आठवड्यांतून किती दिवस करावा, किती जोरानें करावा, आणि कोणत्या दिवशीं मुळींच करूं नये, असें विचारलें असतां दहा घरांत दहा उत्तरें मिळतात. अमरावती काय किंवा अकोला काय, वऱ्हाडांतील कोणत्याहि मोठ्या कुटुंबांत डोकावून पाहावें. एक नातू पोलीसभरतीच्या तयारीसाठीं पहाटे चारला उठतो, मैदानावर धांवतो, संध्याकाळीं जिममध्यें वजनें उचलतो, आणि सातहि दिवस हा क्रम चालवितो. त्याच घरांत आजीला ओसरीच्या दोन पायऱ्या उतरावयाच्या तर कोणाचा तरी हात लागतो. आणि ती पाण्याच्या तांब्यासाठीं उठूं लागली कीं, "तुम्ही बसा आई, मी आणतें," असें म्हणून सून तिला पुनः बसविते. ती सून स्वतः पहाटेपासून रात्रीं दहापर्यंत पायांवर उभी असते. तिला व्यायाम आणि विश्रांति हे दोन्ही शब्द सारखेच परके.

नातवास विश्रांति म्हणजे आळस वाटतो, आजीस विश्रांति हाच धर्म म्हणून सांगितलेला असतो, आणि सुनेचा विचार कोणी केलेलाच नसतो. या तिघांचा प्रश्न वरवर निराळा दिसला तरी मुळांत तो एकच आहे. श्रम आणि विसावा यांचें नातें काय, हें नीट न समजल्यामुळें एकाची इजा, दुसरीची दुर्बलता आणि तिसरीचा न संपणारा शीण हीं तीन फळें एकाच घरांत लागतात. त्या नात्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

दोन शब्दांची फोड

आम्हांस आयुष्यभर व्याकरण शिकविण्याची सवय; म्हणून आरंभ शब्दांपासूनच करतों. ‘व्यायाम’ हा शब्द ‘यम्’ या धातूस ‘वि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागून झाला आहे. या धातूचा मूळ अर्थ आवरणें, ताब्यांत ठेवणें असा आहे. अंग ताणावें, पण तें ताब्यांत ठेवून ताणावें, असा ध्वनि या शब्दांतच आहे. दुसरा शब्द ‘विश्रांति’. हा ‘श्रम्’ धातूपासून आला आहे. म्हणजे विश्रांतीच्या पोटांत श्रम बसलेला आहे. ज्यानें श्रम केले त्याच्याच वांट्याला विश्रांति येते. ज्यानें केले नाहींत त्याच्या नुसत्या बसून राहण्यास दुसरें कांहीं तरी नांव द्यावें लागेल. आमच्या पूर्वजांनीं हे शब्द बनवितांना शरीरशास्त्राचीं यंत्रें वापरलीं नव्हतीं. पण पुढें यंत्रांनीं जें दाखविलें तें या फोडीशीं चांगलेंच जुळतें.

वऱ्हाडची परंपरा

बलोपासना वऱ्हाडास नवी नाहीं. अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं लावलेलें रोपटें पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नांवानें देशभर प्रसिद्ध झालें. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळीं या मंडळाच्या पथकानें आपले देशी खेळ व व्यायामप्रकार तेथें जमलेल्या परदेशीयांस करून दाखविले. शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय चालविणारी ही संस्था अमरावतीकरांच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु अभिमानाबरोबर तिच्यापासून एक बोधहि घ्यावयास पाहिजे. तो असा कीं, व्यायाम हा लहरीप्रमाणें करावयाचा प्रकार नसून पायरीपायरीनें शिकावयाचा विषय आहे. संस्कृताच्या वर्गांत पहिल्याच दिवशीं कोणी बाणभट्टाचीं लांबलचक वाक्यें मुलांपुढें ठेवीत नाहीं. आधीं रूपें, मग संधि, मग समास असा क्रम असतो. आखाड्यांतील जाणता वस्तादहि नव्या पोरास आल्याबरोबर शंभर बैठका मारावयास लावीत नाहीं.

येथें कोणी सूर्यनमस्कारांचें उदाहरण पुढें करील. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं नमस्कारांचा मोठा प्रसार केला आणि आपल्या संस्थानांतील शाळांतूनहि ते सुरू केले. नमस्कार तर रोज घालावयाचे असतात; मग विसाव्याचा दिवस कोठें राहिला? शंका योग्य आहे, आणि तिच्या उत्तरांत या विषयाची किल्ली आहे. नमस्कारांत आपल्या अंगापलीकडे दुसरें वजन नसतें. सवय झालेल्या माणसास बारा किंवा चोवीस नमस्कारांनीं अंग मोकळें होतें, घाम येतो, पण स्नायु पार थकून जात नाहींत. असा सौम्य व्यायाम, तसेंच चालणें, पोहणें, आसनें हीं रोज केलीं तरी चालतात. जड वजन उचलणें किंवा शक्तीच्या सीमेजवळ जाईपर्यंत जोर-बैठका काढणें ही गोष्ट निराळी. तेथें मध्यें अंतर सोडलेंच पाहिजे. तात्पर्य, विसावा किती हें कालदर्शिकेवरून ठरत नाहीं, श्रमाच्या तीव्रतेवरून ठरतें.

बळ केव्हां वाढतें?

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, बैठका मारतांना किंवा वजन उचलतांनाच बळ वाढत असतें. वस्तुतः त्या घटकेस तें कमी होत असतें. व्यायाम संपवून उठलेला माणूस व्यायामापूर्वींच्या स्वतःपेक्षां दुबळा असतो. तें वजन त्याला पुनः लगेच उचलावयास सांगा, म्हणजे प्रत्यय येईल. भारी श्रमानें स्नायूंच्या तंतूंवर ताण पडतो, कांहीं तंतूंस सूक्ष्म इजा होते, स्नायूंत सांठविलेली साखर खर्च होते. मग माणूस घरीं येतो, जेवतो, झोंपतो, आणि शरीर दुरुस्तीस लागतें. नवीं प्रथिनें रचून तंतु पूर्वींपेक्षां थोडे अधिक भक्कम करण्याचें हें काम व्यायामानंतर साधारणतः २४ ते ४८ तासपर्यंत वाढत्या गतीनें चालतें. या अवधींतच त्याच स्नायूवर पुनः तितकाच भार टाकला, तर गवंडी भिंत बांधीत असतां ओल्या गिलाव्यावर हातोडा मारण्यासारखें होईल.

वऱ्हाडांतील शेतकऱ्यास हें सांगावें लागत नाहीं. काळ्या जमिनींत वर्षानुवर्षें एकसारखें कपाशीचेंच पीक घेतलें तर जमीन थकते, हें त्याला ठाऊक आहे. म्हणून तो कपाशींत तुरीचे तास घालतो, पिकांची फेरपालट करतो, आणि उन्हाळ्यांत जमीन तापूं देतो. शहरांतील शिकलेल्या मुलास मात्र आपल्या मांडीचा स्नायु हा त्या जमिनीसारखाच एक सजीव पदार्थ आहे, याचा विसर पडतो.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. स्नायु लवकर बळावतात. पण स्नायूंस हाडांशीं बांधणाऱ्या ज्या कंडरा, त्यांस बळकटी येण्यास अधिक काळ लागतो. म्हणून दोन महिन्यांत दंड फुगलेला तरुण आपण आतां वाटेल तें उचलूं असें समजतो, आणि नेमका त्याच सुमारास त्याचा खांदा किंवा कोपर दुखावतो. दंड तयार झालेला असतो. दोर अजून कच्चा असतो. प्राचीन ग्रीक लोकांच्या क्रोटन नगरीच्या मायलो नांवाच्या मल्लाविषयीं आख्यायिका आहे कीं, तो एक वासरूं रोज खांद्यावर घेऊन चाले. वासरूं वाढत गेलें तसें त्याचें बळहि वाढत गेलें, आणि शेवटीं तो पुरा बैल उचलूं लागला. गोष्टींतील अतिशयोक्ति सोडली तरी तिचें मर्म खरें आहे. वासरूं एका रात्रींत बैल होत नाहीं.

अर्धशक्तीचा नियम

आपल्या आयुर्वेदाचार्यांनीं या बाबतींत जो नियम घालून दिला आहे, तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांचेंहि सांगणें असें आहे कीं, व्यायाम आपल्या अंगीं जितकी शक्ति असेल तिच्या अर्ध्यानेंच करावा. ही अर्धी शक्ति ओळखावी कशी? त्याचींहि लक्षणें दिलेलीं आहेत. श्वास तोंडावाटे येऊं लागला, कपाळावर, नाकावर, कांखेंत आणि सांध्यांवर घाम दिसूं लागला, तोंडास कोरड पडूं लागली, कीं अर्धी मजल झाली असें समजून थांबावें. यापलीकडे जाणाऱ्यास तहान, क्षय, खोकला, ज्वर असे विकार जडतात, असेंहि त्यांनीं बजाविलें आहे. आणि स्वतःहून मोठ्या हत्तीस ओढूं जाणाऱ्या सिंहाची दशा त्याला प्राप्त होते, असा दृष्टांत दिला आहे.

आजच्या तज्ज्ञांची भाषा निराळी आहे, पण आशय फारसा दूर नाहीं. ते म्हणतात, एखादें वजन आपण फार तर बारा वेळां उचलूं शकत असलों, तर नऊ-दहा वेळांच उचलून थांबावें; दोन-तीन आवृत्त्या हातच्या राखाव्या. दर वेळीं हात लटपटून वजन खालीं पडेपर्यंत जाणें बळ वाढण्यासाठीं आवश्यक नाहीं, असें अलीकडील प्रयोगांतहि दिसून आलें आहे. आम्ही याला अर्धी शक्ति म्हणणार नाहीं, कारण ती अर्ध्याहून पुष्कळच अधिक आहे. परंतु शेवटचा थेंब पिळून काढूं नये हा विवेक दोहोंतहि समान आहे.

आठवड्याचा हिशेब

आतां प्रत्यक्ष आंकड्यांकडे वळूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत प्रौढांसाठीं दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें भरभर चालण्यासारखा मध्यम श्रम. दुसरी, निदान दोन दिवस शरीराच्या सर्व मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम. पुष्कळ लोक चालण्यावरच समाधान मानतात. चालणें हृदयास आणि मनास उत्तमच. पण त्यानें खांदे, पाठ, दंड यांचें बळ टिकत नाहीं. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

नव्यानें आरंभ करणाऱ्यानें दोन किंवा तीन दिवस, एकाआड एक असे घ्यावे. उदाहरणार्थ सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. प्रत्येक दिवशीं सर्वांगाचा व्यायाम घ्यावा: पायांसाठीं बैठका, छाती व दंडांसाठीं जोर, पाठीसाठीं ओढण्याचा एखादा प्रकार, कंबरेसाठीं वजन जमिनीवरून नीट उचलण्याचा अभ्यास. प्रत्येक प्रकाराच्या आठ ते बारा आवृत्त्या, अशा दोन किंवा तीन फेऱ्या. दोन फेऱ्यांमध्यें दोन-तीन मिनिटें विसावा. हें सारें पाऊणएक तासांत आटोपतें. मुरलेल्या माणसास चार दिवस करावयाचे असतील तर एका दिवशीं पाय आणि दुसऱ्या दिवशीं वरचें अंग अशी वांटणी करावी, म्हणजे प्रत्येक स्नायूस आपापले दोन दिवस मिळतात. भार वाढवावयाचा तो थोडाथोडा. आणि दर सहा-आठ आठवड्यांनीं एक आठवडा निम्म्या भाराचा ठेवावा. वर्गांत नवा पाठ न घेतां उजळणीचा आठवडा ठेवतात, तसाच हा.

खंड पडला तर बळ लगेच जातें, ही भीति तरुणांनीं बाळगूं नये. परीक्षेमुळें किंवा लग्नकार्यामुळें दोन-तीन आठवडे व्यायाम सुटला तरी तरुण शरीराचें फारसें बिघडत नाहीं, आणि जें जातें तें लवकर परत येतें. इतकेंच नव्हे, तर कामाच्या गर्दींत आठवड्यांतून एकच दिवस मन लावून व्यायाम केला तरी मिळविलेलें बळ पुष्कळ काळ टिकतें. मिळविण्यास अधिक श्रम लागतात, राखण्यास थोडे पुरतात.

भरती, कावड आणि ऊन

पोलीसभरतीच्या शारीरिक चांचणींत धांवणें आणि गोळाफेंक असते. पुरुषांस १६०० मीटर धांवावें लागतें. एका नोकरीवर घरादाराची आशा लागलेली असतां मुलानें जिवाचें रान करावें, हें आम्ही समजूं शकतों. म्हणूनच त्याला सांगावयाचें कीं, शेवटच्या दहा दिवसांत बळ वाढत नाहीं. थकवा मात्र वाढतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणारा विद्यार्थी सकाळीं येत असलेलें उत्तरहि विसरतो, हें कोणताहि शिक्षक सांगेल. त्याच न्यायानें चांचणीपूर्वीं आठवडाभर व्यायामाचा भार निम्म्यावर आणावा, आणि शेवटचे दोन दिवस नुसतें हलकें चालावें. धांवतांना नडगीच्या हाडावर एका ठराविक जागीं दुखूं लागलें आणि तें बसल्यावरहि थांबेना, तर हाडास बारीक चीर गेली असण्याचा संभव असतो. तेथें पट्टी बांधून धांवत राहणें म्हणजे भरतीच हातची घालविणें होय.

अकोल्याची कावडयात्रा हें दुसरें उदाहरण. शेवटच्या श्रावण सोमवारीं गांधीग्राम येथून पूर्णेचें पाणी कावडींतून आणून ग्रामदैवत राजराजेश्वरास अभिषेक करतात. अंतर सुमारें १८ किलोमीटर. आणि मोठ्या मंडळांच्या कावडीस लागलेलें घागरींचें ओझें पाहिलें म्हणजे पाहणाऱ्याचेच खांदे भरून येतात. ही श्रद्धेची आणि बळाचीहि कसोटी आहे. परंतु वर्षभर दुकानाच्या गादीवर किंवा संगणकापुढें बसलेल्या तरुणानें एका रात्रीसाठीं त्या दांड्याखालीं खांदा द्यावा, हें धोक्याचें आहे. ज्यांस खांदा द्यावयाचा आहे त्यांनीं आषाढाच्या आरंभापासूनच, आठवड्यांतून तीन दिवस, खांदे, पाठ आणि पाय यांची तयारी करावी. यात्रेपूर्वीं दोन-तीन दिवस विसावा घ्यावा. आणि नंतर अंग मोकळें होईपर्यंत जड कामास हात लावूं नये.

येथेंच एका गंभीर लक्षणाविषयीं सावध करणें आमचें कर्तव्य आहे. सवय नसतां एकाएकीं शेंकडों बैठका मारल्या किंवा प्रचंड ओझें वाहिलें, तर स्नायूंचे तंतु मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्य रक्तांत उतरतें आणि मूत्रपिंडास इजा करतें. अंग अतिशय दुखून सुजणें आणि लघवी चहासारखी गडद होणें हीं त्याचीं लक्षणें. अशा वेळीं हळद-दूध किंवा मालीश यांत एक तासहि न घालवितां रुग्णालय गांठावें. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जण बरे होतात.

आणि वऱ्हाडचें ऊन! एप्रिल-मे महिन्यांत अकोला-अमरावतीस पारा ४५ अंशांच्या वर जातो. आचार्यांनीं अर्धशक्तीचा व्यायाम थंडींत आणि वसंतांत सांगून इतर ऋतूंत तो याहून सौम्य ठेवावयास सांगितलें आहे, तें आपल्याच प्रांतासाठीं सांगितलें कीं काय असें वाटतें. उन्हाळ्यांत व्यायाम सूर्योदयाच्या सुमारास उरकावा, फेऱ्या कमी कराव्या, पाणी आणि चिमूटभर मीठ घातलेलें ताक घ्यावें, आणि रात्रीं उकाड्यानें झोंप झाली नसेल तर तो दिवस सोडून द्यावा.

वृद्धांनीं काय करावें?

या ठिकाणीं आम्हांस आमच्या आवडत्या आचार्यांशीं थोडा मतभेद दाखवावा लागतो. व्यायाम कोणी टाळावा याची जी यादी वाग्भटानें दिली आहे, तींत अजीर्ण झालेल्यांबरोबर बालक आणि वृद्ध यांचींहि नांवें आहेत. आमच्या घरांतून आजोबा-आजींना उठूं न देण्याच्या चालीस याच यादीचा आधार सांगितला जातो. परंतु त्या काळचा वृद्ध कसा जगत होता हेंहि पाहिलें पाहिजे. तो नदीवर स्नानास पायीं जाई, जमिनीवर बसे आणि जमिनीवरून उठे, पाणी ओढी. त्याच्या दिवसांतच इतका श्रम भरलेला होता कीं, त्यावर आखाड्यांतील मेहनत नको म्हणणें योग्यच होतें. आजचा वृद्ध खुर्चीवरून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीवर जातो. तिशीनंतर दर दहा वर्षांस स्नायूंचा ३ ते ८ टक्के भाग झिजतो, आणि साठीनंतर ही झीज आणखी वेग घेते. बळ गेलें कीं तोल जातो, तोल गेला कीं माणूस पडतो, खुब्याचें हाड मोडतें. आणि पुष्कळ घरांत आजी अंथरुणास खिळली ती या एका पडण्यामुळेंच.

१९९० सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथें एका वृद्धनिवासांत झालेला प्रयोग येथें सांगण्यासारखा आहे. नव्वदीच्या घरांतील दहा अशक्त माणसांस आठ आठवडे, आठवड्यांतून तीन दिवस, देखरेखीखालीं पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांचें बळ सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढलें, म्हणजे मूळच्या अडीचपटीहून अधिक झालें. दोघांची तर चालतांना लागणारी काठीहि सुटली. मात्र व्यायाम थांबवून चार आठवडे झाले तोंच बळ सुमारें एक तृतीयांशानें उतरलें. तरुणास दोन-तीन आठवड्यांचा खंड परवडतो. वृद्धास तो परवडत नाहीं.

प्रत्यक्ष अनुभव हें प्रमाण आयुर्वेदालाहि मान्य आहे. तेव्हां या अनुभवाचा स्वीकार करण्यांत शास्त्राचा अवमान होत नाहीं. पासष्टीपुढील माणसांनीं वैद्य किंवा डॉक्टर यांस विचारून, विशेषतः हृदयविकार, रक्तदाब, मोतीबिंदूची ताजी शस्त्रक्रिया असें कांहीं असल्यास अवश्य विचारून, आठवड्यांतून दोन किंवा तीन दिवस पुढील प्रकार करावे. हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून आठ-दहा वेळां उठावें-बसावें. भिंतीस हात टेकून जोर काढावे. ओट्यास धरून टाचा उचलाव्या. पाण्यानें भरलेली लहान बाटली हातांत धरून उचलावी. श्वास मुळींच कोंडूं नये. वजन वर जातांना तो सोडावा. याखेरीज निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा अभ्यास करावा. ओट्यास धरून एका पायावर दहा सेकंद उभें राहिलें तरी आरंभास पुरे. दोन व्यायामांमध्यें एक दिवस सोडावा. त्या दिवशीं अंगणांत फिरावें. पूर्ण बसून राहणें ही विश्रांति नव्हे.

घरांतील स्त्रिया

जात्यावर दळणें, उखळांत कांडणें, विहिरीचें पाणी ओढणें हीं कामें गेलीं, आणि तीं गेलीं हें चांगलेंच झालें. त्या कष्टांची महती गाणाऱ्यांनीं तीं स्वतः केलेलीं क्वचितच असतात. पण त्यांच्याबरोबर खांद्या-पाठीचें बळहि गेलें. उरलें तें दिवसभराचें उभें राहणें, वांकणें, धांवपळ. यानें शीण येतो. बळ वाढत नाहीं, कारण भार तोच राहतो आणि विसाव्याची वेळ नेमलेली नसते. "घरांत इतकें काम असतां बायकांना निराळा व्यायाम कशाला?" असें म्हणणाऱ्यांनीं हा भेद समजून घ्यावा. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांचीं हाडें झपाट्यानें ठिसूळ होऊं लागतात, आणि भार उचलण्याच्या व्यायामानें ही झीज कमी होण्यास मदत होते. पाळीच्या दिवसांत व्यायाम वर्ज्य नाहीं. अंगास सोसेल तितका करावा, न सोसल्यास सोडावा. गरोदरपणीं आणि बाळंतपणानंतर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. परंतु मूळ अडचण ज्ञानाची नाहीं, वेळेची आहे. आठवड्यांतून तीन दिवस अर्धा तास सुनेच्या हातांतील काम दुसऱ्या कोणी तरी घेतल्याशिवाय हा उपदेश कागदावरच राहील.

झोंप, अन्न आणि उपवास

विश्रांतीचें सर्वांत मोठें साधन झोंप. प्रौढांस सात ते नऊ तास झोंप लागते; रात्रीं एकपर्यंत मोबाइल पाहून पहाटे चारला मैदान गांठणारा मुलगा विश्रांतीची चोरी करून व्यायामाचें दान करीत असतो. दुसरें साधन अन्न. बळ वाढवूं इच्छिणाऱ्यास शरीराच्या दर किलो वजनामागें दिवसास सुमारें १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनें पुरतात. शाकाहारी घरांतहि वरण, उसळी, दूध-दहीं, शेंगदाणे, फुटाणे, सोयाबीन आणि पनीर यांनीं हें भागूं शकतें. मात्र भाताच्या ढिगावर वरणाची एक पळी घेऊन भागत नाहीं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारूनच प्रमाण ठरवावें. उपवासाच्या दिवशीं जड व्यायाम ठेवूं नये. महिन्यांत दोन एकादश्या येतात. ज्यांच्या घरीं त्या पाळतात त्यांस विश्रांतीचे दोन दिवस पंचांगानेंच नेमून दिले आहेत.

विसाव्याची वेळ शरीर स्वतःहि सांगतें. व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायु ठणकणें हें स्वाभाविक आहे. त्यानें घाबरूं नये. पण दुखणें सांध्यांत असेल, एकाच बिंदूवर असेल, किंवा दिवसेंदिवस वाढत असेल, तर थांबावें. सकाळीं अंथरुणांतच नाडी नेहमींपेक्षां जलद चालणें, भूक मंदावणें, झोंप तुटणें, विनाकारण चिडणें, कालपर्यंत सहज उचललेलें वजन आज जड वाटणें, यांपैकीं दोन-तीन लक्षणें एकत्र दिसलीं तर आठवडाभर भार उतरवावा. ताप असतां व्यायाम करूं नये; डेंग्यूसारख्या तापानंतर तर अशक्तपणा पुरा गेल्यावर निम्म्या भारानें आणि डॉक्टरांच्या संमतीनें आरंभ करावा. छातींत दुखणें, घेरी येणें, दम न बसणें हीं लक्षणें दिसतांच व्यायाम तेथेंच टाकून उपचार घ्यावे.

एकत्र कुटुंबाचा मोठा फायदा असा कीं, हीं लक्षणें स्वतःस दिसलीं नाहींत तरी दुसऱ्यास दिसतात. नातू चिडचिडा झाला हें आजीच्या प्रथम लक्षांत येतें. आजीचें पाऊल अडखळतें हें नातवास दिसतें. म्हणून आमची सूचना अशी कीं, भिंतीवरील कालदर्शिकेवर प्रत्येकाच्या व्यायामाचे आणि विसाव्याचे दिवस रविवारीं लिहून टाकावे. नातवाच्या व्यायामाच्या दिवशीं आजीनें खुर्चीवरून दहा वेळां उठावें आणि नातवानें तें मोजावें. सुनेच्या अर्ध्या तासांत स्वयंपाकघर घरांतील पुरुषांनीं सांभाळावें. आणि ज्या दिवसापुढें ‘विसावा’ असें लिहिलें असेल, त्या दिवशीं तरुणानें वजनास हात लावला तर त्याला घरांतील वडील माणसांनीं निःसंकोच रागवावें.